पाण्यापासून तीनशे मीटर

हौद काठोकाठ भरलेला होता. त्याच्यापासून तीनशे मीटरवर सहाशे तहानलेली गुरे हौदाकडे तोंड करून उभी होती. मध्ये कुंपण नव्हते, चर नव्हता, माणूस नव्हता. आदल्या दुपारपासून त्यांतले एकही जनावर पुढे गेले नव्हते.

नागसेनने हे मला फोनवर सांगितले, तेव्हा मी मरीन परेडच्या घरी रविवारची मेथी निवडत होते.

"पाणी खराब असेल," मी म्हणाले.

"कॉलिन पिऊन आला, ताई. गोड आहे म्हणाला."

"मग तुझी रेषा पुसायची राहिली असेल."

"तीनदा बघितलं. तुम्ही या."

आमचे ऑफिस याच बेटशहरात, बुओना व्हिस्टाला आहे. तिथे सहाव्या मजल्यावर बसून आम्ही उत्तर ऑस्ट्रेलियातली गुरे हाकतो. हे वाक्य पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसतो, म्हणून थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे.

प्रत्येक जनावराच्या गळ्यात एक पट्टा असतो. आपण कुठे आहोत हे त्या पट्ट्याला उपग्रहावरून कळते. नकाशावर आम्ही एक रेषा ओढतो. जनावर त्या रेषेजवळ गेले की पट्ट्यातून आवाज निघतो. खालच्या पट्टीत सुरू होऊन वर चढत जाणारा, दोनेक सेकंदांचा. जनावर थांबले किंवा वळले तर विषय तिथे संपतो. पुढे गेले तर विजेचा हलका झटका बसतो. गुरे हे आठवड्याभरात शिकतात आणि मग झटक्याची वेळ क्वचितच येते, आवाज पुरतो. हा आवाज मी रुजू होण्याच्या आधीच ठरलेला होता. तो ठरवणाऱ्यांनी त्या प्रदेशातले पक्षी, बेडूक आणि किडे यांच्या ध्वनिमुद्रणांशी तो ताडून पाहिला होता, म्हणजे एखाद्या पाखराच्या हाकेने कळप उधळू नये.

कळप पुढे न्यायचा असेल तर रेषा त्याच्या मागे ओढायची आणि हळूहळू पुढे सरकवायची. आवाज मागून येतो म्हणून गुरे पुढे चालतात. गुराख्याच्या हातातली काठी करते तेच हे काम. मात्र काठी धरणारा माणूस साडेतीन हजार किलोमीटरवर खुर्चीत असतो. आमच्याकडे तो माणूस नागसेन होता; मी जनावरांच्या वर्तनाची शास्त्रज्ञ.

ज्या रानात हा कळप होता त्याला तिकडे स्टेशन म्हणतात. एका स्टेशनात आपला एखादा तालुका सहज मावेल. उन्हाळा तापायच्या आत गुरे उत्तरेच्या टोकाकडून दक्षिणेला न्यावी लागतात, आणि मधल्या उजाड मुलखात पाणी मिळते ते फक्त बोअरवर. प्रत्येक बोअरवर एक पवनचक्की, तिने उपसलेल्या पाण्याची टाकी आणि टाकीखाली हौद. गेल्या वर्षापर्यंत रॉय नावाचा म्हातारा गुराखी आणि त्याचे सोबती घोड्यांवरून कळपाबरोबर चालत आणि रात्री बोअरपाशी मुक्काम करत. रॉय निवृत्त झाला, घोडे विकले गेले, आम्ही आलो. आता एवढ्या रानात या कामासाठी कॉलिन आणि त्याचे छोटे हेलिकॉप्टर उरले होते. पहिल्याच बैठकीत तो नागसेनला म्हणाला होता, "काउबॉय तू, नाग्स. मी आपला ड्रायव्हर."

मेट्रोने, कॅल्डेकॉटला गाडी बदलून मी ऑफिसात पोहोचले, तेव्हा नागसेन भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर उभाच होता. पडद्यावर सहाशे ठिपके होते. काही आपापल्या जागी किंचित थरथरत होते, पण पुढे सरकत नव्हते.

"शेवटचं पाणी कधी प्यायली?" मी विचारले.

"गुरुवारी, मागच्या बोअरवर. तो हौद आता कोरडा आहे. कळप निघाला आणि त्यांनी तिथला पंप काढून दुरुस्तीला नेला. परत न्यायचं म्हटलं तर दोन दिवसांची चाल आणि पाण्याचा थेंब नाही."

"टँकर?"

"मंगळवारी पोहोचेल. रस्ता नाहीच तिथं."

तिथल्या उन्हात, चालून दमलेली गुरे मंगळवारपर्यंत टिकणार नव्हती. हे आम्हां दोघांनाही माहीत होते.

"महिन्यापूर्वी याच वाटेनं, याच हौदावर पहिला कळप पाणी पिऊन गेला," नागसेन म्हणाला. "तेव्हाही मीच आणला होता. तीच वाट, तेच पट्टे."

"शनिवारी नक्की काय झालं?"

"नेहमीसारखी रेषा मागून सरकवत आणली. पाण्याचा वास आला असणार, चाल वाढली. मग पुढची गुरं थांबली. एकदम वळली आणि मागं पळाली. मागं माझी रेषा. तिला धडकली, झटके बसले, पुन्हा पुढं वळली, पुन्हा थांबली. असं तास-दीड तास चाललं होतं, ताई. मला वाटलं कुत्री असतील, रानटी. म्हणून रेषा लगेच काढली नाही. कळप फुटला असता."

"बरोबर केलंस."

"बरोबर होतं की नाही ते अजून ठरायचंय."

मी खुर्ची ओढून बसले आणि शक्यता एकेक करून खोडू लागले. सर्व्हरवर त्या भागात एकही रेषा शिल्लक नव्हती. पट्टे दाखवत असलेली जागा बरोबर होती. कॉलिनने हेलिकॉप्टरमधून पाहून दिलेली जागा त्यांच्याशी जुळत होती. शनिवारी दुपारनंतर कोणत्याही पट्ट्याने आवाज काढला नव्हता, झटका दिला नव्हता. हौदात काही मरून पडलेले नव्हते. रानटी कुत्र्यांच्या पाऊलखुणा नव्हत्या.

"पट्टे बंद कर," मी म्हणाले.

त्यासाठी मिस्टर गोह यांची परवानगी लागे. ते आमचे प्रमुख, मूळचे इलेक्ट्रॉनिक्सचे. रविवार असल्यामुळे ते व्हिडिओवर आले, मागे कुठल्याशा हॉकर सेंटरचा, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचा, गलका होता.

"कॅनॉट लाह, जमणार नाही," ते म्हणाले. "पट्टे बंद केले आणि गुरं पांगली तर? कॉलिन एकटा सहाशे गुरं शोधणार?"

"पांगली तर निदान चालतील," नागसेन म्हणाला. "आत्ता उभ्या उभ्या मरतायत."

गोह यांनी हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "ओके. ऑफ करा."

आवाज आणि झटका देणारा भाग सहाशे पट्ट्यांमध्ये बंद झाला. जागा आणि हालचाल यांच्या नोंदी तेवढ्या येत राहिल्या. आम्ही पडद्याकडे पाहत बसलो. आता त्या गुरांच्या गळ्यात निव्वळ मुके वजन होते. आम्ही त्यांना काहीही सांगत नव्हतो, आणि ती आमचे ऐकत असल्यासारखी उभी होती.

थोड्या वेळाने काही ठिपके पुढे निघाले. वीस-पंचवीस पावले गेले, थांबले, आणि वळून परत आपल्या जागी आले.

नागसेन हळू आवाजात म्हणाला, "कुणीतरी हाकतंय त्यांना."

"कोण?"

"ते मला कसं कळणार? मी तर नाही."

अशा वाक्यांचा मला राग येतो. ती चुकीची असतात म्हणून नाही, तर ती बोलली की माणूस शोधायचे थांबतो म्हणून. पण त्या वेळी माझ्याजवळ त्याहून बरे वाक्य नव्हते.

दुपारी कॉलिनने हेलिकॉप्टर कळपाच्या मागे नेले आणि गुरांना रेटत हौदाकडे आणले. पुढची साठ-सत्तर गुरे हौदाला भिडली आणि प्यायली. हेलिकॉप्टर त्यांच्या डोक्यावर घरघरत असताना प्यायली. बाकीची पाठीमागे रेटारेटी करत होती. कॉलिनने मशीन उतरवून इंजिन बंद केले. काही मिनिटांत हौदाजवळची गुरे माना वर करून मागे वळली आणि पळत सुटली. त्या धावपळीत आणि उन्हात नऊ जनावरे पडली ती उठली नाहीत. पुन्हा रेटले तर आणखी पडतील, असे कॉलिनने कळवले.

मग त्याचा फोन आला.

"डॉक, मी इथं पंधरा वर्षं आहे. ही जागा मला कधी आवडली नाही."

"का?"

"सांगता येत नाही. इथं थांबलं की डोकं उठतं. जुने लोकही इथं फार वेळ थांबत नसत म्हणतात."

"रॉय थांबायचा ना मुक्कामाला?"

"रॉय कुठंही झोपायचा."

"मग जुने लोक थांबत नसत हे तुला कोणी सांगितलं?"

तो हसला. "बघ, म्हणून मला शास्त्रज्ञ आवडत नाहीत. बरं, मी आज इथंच राहतो. यांना एकटं सोडवत नाही."

त्याच्या बोलण्यामागे गुरांचे हंबरणे ऐकू येत होते. सहाशे तहानलेल्या गुरांचे हंबरणे ही काय गोष्ट आहे, हे शब्दांत उतरवण्याचा प्रयत्न मी करणार नाही. नागसेनने आवाज कमी केला आणि थोड्या वेळाने, मी काही विचारले नसताना, बोलू लागला.

"आजोबांनी गावातली मेलेली गुरं ओढायचं काम सोडलं, तेव्हा गावानं आमच्या वस्तीचं पाणी तोडलं. विहीर समोर, आणि जायचं नाही. घरात ही गोष्ट शंभरदा ऐकलीय मी. आजोबा ती हसत सांगायचे." तो पडद्याकडेच पाहत होता. "त्यांनी आयुष्यात एक जनावर मारलं नव्हतं, ताई. माझी आज नऊ झाली."

"तुझी नाहीत."

"हाकत कोणी आणली?"

मी गेल्या महिन्याच्या कळपाच्या नोंदी मागवल्या आणि घरी निघाले.

संध्याकाळी शिरीषने पिठले केले होते. माझा नवरा बँकेत आहे आणि माझ्या कामाचा त्याला मनापासून कौतुकमिश्रित संशय आहे.

"म्हणजे गुराखी वर्क फ्रॉम होम करायला लागले, आणि आता गुरांनी संप पुकारला," तो म्हणाला.

"विनोद नको, शिरीष. मरतायत ती."

"सॉरी." त्याने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "पण पाणीच त्यांच्याकडे नेलं तर? पाइप टाकून?"

"पाइप टँकरबरोबर येणार आहे. कॉलिनकडे एक बादली आहे."

"मग त्यांना नक्की कशाची भीती वाटते ते शोधायला हवं."

"भीती वाटत असती तर प्यायली नसती," मी म्हणाले, आणि घास हातातच राहिला.

घाबरलेले जनावर पाणी पीत नाही. त्याची मान वर राहते. सत्तर गुरे डोक्यावर हेलिकॉप्टर असताना माना खाली घालून प्यायली होती आणि इंजिन बंद झाल्यावर घाबरली होती. दुपारपासून आम्ही सगळे ती घटना उलटी वाचत होतो. हेलिकॉप्टरने भीती आणली नव्हती. ते असेपर्यंत दुसरे काहीतरी नव्हते.

सोमवारी सकाळी मी ऑफिसात गेले तेव्हा नागसेन कालच्याच शर्टात होता. रात्री आणखी चौदा जनावरे मेली होती. कॉलिनचा संदेश होता: हंबरणे पहाटे थांबले. ती बातमी चांगली नव्हती.

"मला जिवंत गुरांच्या जागा दाखव," मी म्हणाले. "प्रत्येक जनावर हौदाच्या जास्तीत जास्त किती जवळ गेलं आणि कुठून वळलं, तेवढंच. हेलिकॉप्टरची वेळ वगळ."

त्याने ते नकाशावर मांडले. हौदाभोवती मोकळी जागा राहिली आणि तिच्या कडेला वळल्याच्या खुणा. ती कड स्पष्ट होती. आम्हांला वर्तुळ अपेक्षित होते, पण आकार अंड्याचा होता. वायव्येला, जिकडून कळप आला होता, तिकडे कड हौदापासून तीनशे मीटर दूर होती. बाजूंना ती जवळ येत गेली होती. आग्नेयेला, वळसा घालून गेलेली चार-सहा गुरे हौदाच्या इतकी जवळ उभी होती की तिथून दगड फेकला तर पाण्यात पडावा.

"वारा कुठून आहे?" मी विचारले.

नागसेनने पाहिले. "आग्नेयेकडून. शनिवारी सकाळपासून, दिवसरात्र."

"आणि गेल्या महिन्यात? पहिला कळप प्यायला तेव्हा?"

"वारा पडलेला. शून्याच्या आसपास."

रेषेला, उपग्रहाला, सर्व्हरला वारा कुठून आहे हे माहीत नसते. वाऱ्याच्या दिशेने लांबणारा आकार दोनच गोष्टी तयार करू शकतात: वास आणि आवाज.

"वास असेल, ताई. हौदाच्या आसपास काही कुजत असेल."

"असेल. वास आणि आवाज यांत निवड करता येते. पट्ट्यांतल्या हालचालीच्या नोंदी काढ. वळण्याच्या आधीच्या पाच सेकंदांच्या."

पट्ट्यातून आवाज आला की गाय-बैल काय करतात हे मी शेकडो वेळा मोजलेले होते. मान झटकन वर जाते, जनावर क्षणभर स्तब्ध होते, मग वळते. वासाला ते असे वागत नाही; वासाकडे ते नाक नेते, फुरफुरते, हळूहळू बाजूला होते. पडद्यावर आलेल्या रेघा एकमेकींवर ठेवल्या तर वेगळ्या काढता आल्या नसत्या: मान वर, स्तब्ध, वळण. शनिवारी मागच्या रेषेपाशी पट्टे वाजले तेव्हाच्या रेघांशी त्या तंतोतंत जुळत होत्या.

नागसेनने त्या रेघा पडद्यावर एकमेकींवर सरकवून पाहिल्या. मग म्हणाला, "पट्टे वाजत नाहीयेत. पण गुरांना पट्टे ऐकू येतायत."

"पट्ट्यासारखं काहीतरी. कॉलिनला लाव."

कॉलिन चिडलेला होता. रात्रभर डोळा लागला नव्हता.

"कॉलिन, तू कुठे आहेस?"

"हौदापाशी, चक्कीच्या सावलीत. दुसरी सावलीच नाही इथं."

"तुला तिथं काय ऐकू येतं?"

"काही नाही. गुरंसुद्धा गप्प झाली."

"नीट ऐक."

"डॉक, काही नाही म्हणतो ना. रान आहे हे. फक्त चक्की फिरतेय."

नागसेनने माझ्याकडे पाहिले.

"चक्कीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड कर," मी कॉलिनला म्हणाले. "मग वाऱ्याच्या बाजूनं चालत गुरांपाशी जा आणि तिथून परत एकदा कर. दोन्ही पाठव. फोनवरून ऐकवू नकोस, उपग्रहाच्या फोनवर आवाज बिघडतो."

पहिली फाइल यायला वेळ लागला. तेवढ्यात गोह आत येऊन आमच्यामागे उभे राहिले. फाइल आली. नागसेनने ती लावली.

वाऱ्याचा घोंघावा, आणि त्यातून एक किंचाळी. खालून सुरू होऊन वर चढत गेलेली, दोन सेकंद टिकलेली. मग विराम. मग पुन्हा तीच. पंपाचा दांडा वर येण्याच्या प्रत्येक खेपेला एक.

नागसेनने खण उघडून चाचणीचा पट्टा काढला आणि वाजवला. दोन्ही आवाज एकच वाटले. गोह यांनी स्वतःच्या मानेवरून हात फिरवला.

"पट्टा बंद कर," मी म्हणाले. "कानांवर जायचं नाही. माणसाला जे ऐकायचं असतं ते तो ऐकतो."

दोन्ही ध्वनींचे आलेख काढले. सुरुवातीची पट्टी, चढ, लांबी: तिन्हींत फरक होता, पण आमचे दोन वेगवेगळे पट्टे वाजवल्यावर पडतो त्यापेक्षा कमी. दुसरी फाइल गुरांपाशी घेतलेली होती. तिच्यात किंचाळी क्षीण होती, तरी वाऱ्याबरोबर स्पष्ट पोहोचत होती.

"अजून हे सिद्ध झालेलं नाही," मी म्हणाले. "चक्की थांबवली आणि गुरं जागची हलली नाहीत, तर माझं चूक."

"चुकलं तर पुढं काय?" नागसेनने विचारले.

"मग माझ्याकडे दुसरं काही नाही."

पवनचक्कीला खालून ओढायची साखळी असते; ती ओढली की शेपूट दुमडते आणि पाती वाऱ्यातून बाजूला होतात. टाकी भरलेली असल्यामुळे हौदाला पाण्याची तूट पडणार नव्हती. साखळी गंजलेली होती. कॉलिनने तिला लोंबकळून शिव्या दिल्या, त्या सगळ्या आम्ही ऐकल्या. मग त्याचा श्वास ऐकू आला, आणि नंतर फक्त वारा.

"थांबली," तो म्हणाला.

पडद्यावर काही झाले नाही. नागसेनने दोन्ही हात डोक्यामागे बांधले होते. मी ठिपके मोजायचा प्रयत्न करत होते, कारण मोजताना माणूस दुसरे काही करत नाही.

आग्नेयेकडच्या चार-सहा ठिपक्यांपैकी एक पुढे सरकला. थांबला. ही जागा कालपासून तो ओलांडत नव्हता. मग ती ओलांडून तो चालत राहिला.

"म्हातारी गाय आहे एक," कॉलिन कुजबुजला. "ये गं. ये."

ती हौदाला पोहोचली. तिच्यामागे बाकीच्या आल्या. मग वायव्येची कड एका ठिकाणी फुटली आणि ठिपके एका ओळीत निघाले. सावकाश, त्यांच्यात पळायचे बळ उरले नव्हते, आणि त्यामुळेच चेंगराचेंगरी झाली नाही.

"पितायत," कॉलिन म्हणाला. "पितायत, नाग्स."

नागसेन खुर्चीवर बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत झाकले.

"नियमाप्रमाणे चक्की पुन्हा सुरू करून बघायला हवं," मी थोड्या वेळाने म्हणाले. "ती पुन्हा थबकली तरच पक्कं म्हणता येईल."

तो हातांआडूनच म्हणाला, "ताई, तुम्ही आता कॉफी प्यायला जा."

मी गेले. तो प्रयोग झाला नाही.

दुपारी मी रॉयला फोन केला. तो आता मुलीकडे किनाऱ्यावर राहतो. त्या बोअरवरच्या पवनचक्कीला तेल कोण घालायचे, एवढेच मला विचारायचे होते.

"मी," तो म्हणाला.

"ते तुझ्या कामात होतं?"

"छे. कोणाच्याच कामात नव्हतं. पण तिच्याखाली मुक्काम असायचा आमचा. तेल घातलं नाही तर ती रात्रभर किंचाळायची. झोपू द्यायची नाही."

"आणि बाकीच्या चक्क्या?"

"जिथं जिथं झोपलो, तिथं तिथं घातलं. का? काय झालं?"

मी त्याला सांगितले. मग त्याने किती गेली ते विचारले. मी म्हणाले, तेवीस.

जे घडले त्याचे कारण असे. गुराखी कळपाबरोबर चालत होते तोवर बोअरपाशी झोपत होते, आणि झोप लागावी म्हणून पवनचक्कीला तेल घालत होते. हे काम कोणी त्यांना नेमून दिलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्याबरोबर ते बंद झाले हे कोणाच्या ध्यानात आले नाही. तेलाविना बेअरिंग कोरडे पडले आणि वारा असला की ते किंचाळू लागले. आमच्या पट्ट्याचा आवाज पक्षी, बेडूक आणि किडे यांच्याशी ताडलेला होता. पवनचक्कीशी नव्हता, कारण तपासणी पथक त्या रानात गेले तेव्हा रॉय कामावर होता आणि चक्की मुकी होती. शनिवारी वारा सुटलेला असताना कळप हौदाजवळ आला, किंचाळी ऐकून शिकवल्याप्रमाणे मागे वळला, आणि मागून सरकत येणाऱ्या रेषेवर त्याला खरे झटके बसले. पुढे तो आवाज आणि लगोलग झटका, हे दीड तास पुन्हा पुन्हा घडले. त्यामुळे पट्टे बंद केल्यावरही गुरांच्या लेखी हौदाभोवतीची ती रेषा खरी होती; हेलिकॉप्टरच्या घरघरीत किंचाळी बुडाली तेवढा वेळच ती पुसली गेली. ती पवनचक्कीने आखली होती आणि पक्की आम्ही केली होती.